बत्तीबाई आणि तीन नंबरचं यंत्र

बत्तीबाईंचा कुणावर चटकन विश्वास बसत नसे, आणि त्यांच्या कामाला हा स्वभाव शोभून दिसे. अंडी उबवणी केंद्रात त्या बावीस वर्षं होत्या. अंधाऱ्या खोलीत एकेक अंडं बत्तीपुढे धरायचं, आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर ठेवायचं, नुसतं पिवळं दिसलं तर बाजूला काढायचं, हे त्यांचं काम. त्यावरूनच बत्तीबाई हे नाव पडलं आणि खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं. वरून दोन अंडी सारखीच दिसतात, आत एकात जीव असतो आणि एकात नसतो, हे रोज बघणाऱ्या बाईला माणसंही वरवर पाहून पटत नसत. भाजीवाल्याचा तराजू त्या दोनदा बघत. शेजारीण हसून बोलली की हिचं काय काम निघालं असेल असा विचार आधी मनात येई. आणि एकुलत्या एक लेकीने जावई आणला तेव्हा तर त्यांनी त्यालाही मनातल्या मनात बत्तीपुढे धरून पाहिलं होतं.

जावई यंत्रांचा माणूस. बारीक चणीचा, बोलायला गोड, नको इतका गोड. “जावई म्हणजे दहावा ग्रह,” बत्तीबाई म्हणायच्या, “बाकीचे नऊ निदान आकाशात तरी असतात. हा घरात येऊन जेवतो.”

हा ग्रह घरातच राहिला असता तरी चाललं असतं. तो केंद्रावर आला. मालकांना नवं काही करायची हौस. त्यांनी यंत्रं सुधारायचं काम नेमकं जावयालाच दिलं. केंद्रात उबवणीची तीन मोठी यंत्रं, प्रत्येक एखाद्या खोलीएवढं. एक आणि दोन नंबरची जुनी, त्यांच्या पोटात तार होती आणि त्या तारेतून उबेचा निरोप जाऊन उष्णता कमीजास्त व्हायची. तीन नंबरला जावयाने तार काढून टाकली. अंड्यांच्या मधोमध, ट्रेलाच, काडेपेटीएवढी एक डबी बसवली. डबी दर दहा सेकंदांनी हवेतून निरोप पाठवायची, आत्ता इतकं ऊन आहे म्हणून. बाहेरच्या पेटीला तो निरोप मिळाला की पेटी तापकाला हुकूम सोडायची, वाढव किंवा कमी कर.

“तार नाही, दोरा नाही,” बत्तीबाईंनी विचारलं होतं, “मग निरोप वाटेत हरवला तर?”

“हरवतात की अधूनमधून, आई,” जावई म्हणाला होता. “एखादा हरवला तर पेटी आधीचाच हुकूम चालू ठेवते. दहा सेकंदांत दुसरा येतोच.”

त्यांनी शब्द न्‌ शब्द लक्षात ठेवला.

त्यानंतर तीन नंबरमधून निघालेल्या पहिल्या तुकडीत शंभर अंड्यांमागे साठच पिल्लं निघाली. एरवी पंच्याऐंशी निघत. दुसऱ्या तुकडीत अठ्ठावन्न. उरलेली अंडी बत्तीबाईंनी फोडून बघितली. पिल्लं पूर्ण झालेली, पिसं फुटलेली, चोच कवचाला टेकलेली, आणि थंड. दोन्ही जुन्या यंत्रांमधून मात्र नेहमीसारखी पिल्लं चिवचिवत बाहेर पडत होती.

मालकांनी दोघांनाही कचेरीत बोलावलं. तिसरी तुकडी यंत्रात घालून नऊ दिवस झाले होते.

“यंत्राची रेष सरळ आहे,” मालक म्हणाले. “जावयांनी मला दाखवली. साडेनव्याण्णव फॅरनहाइटवरून काटा हलत नाही. मग पिल्लं मरतात कशाने? खोलीची चावी तुमच्याकडे असते, बत्तीबाई. भिंतीवर नियम लिहिलेला आहे, अंडी भरल्यावर बत्तीच्या दिवसाखेरीज यंत्राचं दार उघडायचं नाही. तुम्ही उघडता का?”

“मी दाराला हात लावलेला नाही,” बत्तीबाई म्हणाल्या.

जावई खाली बघत होता. ते खाली बघणं बत्तीबाईंच्या डोळ्यांत भरलं.

“ही तुकडीही अशीच गेली,” मालक म्हणाले, “तर मला एकच माणूस बदलता येईल. यंत्र आता पहिल्यासारखं होत नाही. तुम्हाला त्या खोलीतून काढावं लागेल.”

बत्तीबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांना राग कमी आणि भीती जास्त होती, कारण त्या खोटं बोलल्या होत्या.

दार त्या उघडत होत्या. बावीस वर्षं उघडत आल्या होत्या, तिन्ही यंत्रांचं, दिवसातून दोनदा. आकड्यांवर त्यांचा भरवसा नव्हता, पापणीवर होता. यंत्रातलं एक अंडं काढायचं, मिटलेल्या पापणीला हलकेच लावायचं आणि ऊब ओळखायची. बोटाला जे कळत नाही ते पापणीला कळतं, असं त्यांना त्यांच्या आधीच्या बत्तीवालीने शिकवलं होतं. इतकी वर्षं अंडी मेली नाहीत, आता त्या दोन मिनिटांनी मरतील कशी? ते होऊच शकत नाही, असं त्या स्वतःला बजावत. उघडण्याआधी देवाचं नाव घेत आणि मिटवल्यावरही घेत. देव बघतो हे त्यांना माहीत होतं. मालकही बघतील अशी सोय त्यांना नको होती, इतकंच.

मग उरला कोण? जावई उरला.

त्यांच्या मनात एकाला एक जोडून सगळं उभं राहिलं. जावयाच्या फोनवर यंत्राची रेष दिसते. ज्यावर रेष दिसते त्यावरून काटाही फिरवता येत असणार. सासू खोलीतून गेली की चावी जावयाच्या हातात. म्हणून तो कचेरीत खाली बघत होता. गोड बोलणाऱ्याच्या पोटात काय असतं ते बत्तीपुढे धरल्याशिवाय कळत नाही.

लेकीला त्यांनी आडून आडून विचारलं, “घरी आल्यावर फोन सतत हातातच असतो का गं त्यांच्या?”

“आई, तुला काय विचारायचंय ते सरळ विचार.”

“सरळच विचारतेय. जेवताना तरी खाली ठेवतात की नाही?”

“तुला त्यांच्यावर पाळत ठेवायचीय,” लेक म्हणाली. “आणि ते मला विचारतात, आई खोलीत एकट्या असताना काय करतात. तुम्ही दोघं एकमेकांना का नाही विचारत? मी काय पोस्टमन आहे?”

तोही विचारतो! बत्तीबाईंच्या संशयाला आता पायच फुटले.

शनिवारी त्यांनी आपल्या जुन्या कपाटातला पाऱ्याचा तापमापक काढला, तीन नंबरच्या आत दाराच्या काचेलगत दोऱ्याने टांगला, आणि ट्रेवालीला गाठलं. ट्रेवाली म्हणजे पिल्लं निघून गेल्यावर रिकामे ट्रे धुणारी बाई. हात कायम साबणात, तोंड कायम मोकळं.

“उद्या रविवार. मला सुट्टी आहे, तुला नाही,” बत्तीबाई म्हणाल्या. “ही खोलीची चावी घे. दुपारी अडीचपासून चारपर्यंत दर दहा मिनिटांनी काचेतून पारा बघायचा आणि लिहून ठेवायचं. यंत्राच्या दाराला हात लावायचा नाही.”

“का? अंड्यांत सोनं पडलंय?”

“सांगते ते कर. कुणाला बोलू नकोस.”

“बत्तीबाई, मी कुणाला सांगणार? माझं ऐकतं कोण, हे ट्रे?”

त्याच दुपारी लेक-जावयाला जेवायला बोलावणं होतं. तुकड्या बिघडत होत्या तेवढ्या दिवसांत जे व्हायचं ते अकरा आणि तीनच्या सुमारास होत असावं, असा बत्तीबाईंचा अंदाज होता, कारण त्या वेळांनंतर यंत्राच्या काचेला हात लावला की ती नेहमीपेक्षा ऊन लागायची. तीन वाजता जावई त्यांच्या डोळ्यांसमोर हवा होता.

जावई आला, पोटभर जेवला आणि फोन पालथा घालून ठेवला. बत्तीबाई भात वाढताना एक डोळा पातेल्यावर आणि एक फोनवर ठेवून होत्या. पावणेतीनला त्याने फोन उचलला. बत्तीबाईंचा डाव हवेतच थांबला.

“बघा ना, आई,” त्याने फोन त्यांच्या पुढ्यात धरला. “तीन नंबर. आत्ताची रेष. किती सरळ आहे.”

त्यांनी बघितलं. रेष खरंच सरळ होती, नव्या फुटपट्टीने ओढल्यासारखी. आणि त्यांना ती आवडली नाही. बावीस वर्षांत उबेची अशी रेष त्यांनी पाहिली नव्हती. जिथे जीव वाढतो तिथे थोडं वरखाली होणारच. घरातली चूल तरी एकसारखी कुठे जळते?

“इतकी सरळ?” त्या म्हणाल्या.

“हो,” तो म्हणाला, आणि पुन्हा खाली बघितलं.

चार वाजेपर्यंत त्याने फोनला परत बोट लावलं नाही. लेकीबरोबर भांडी पुसली, खिडकीची सैल बिजागरी घट्ट केली आणि गेला. बत्तीबाई तडक केंद्रावर.

ट्रेवालीने ओला कागद पुढे केला. दहा वेळा पारा बघितला होता. दहाही वेळा साडेनव्याण्णवच्या आसपास, एकदा थोडा वर, एकदा थोडा खाली.

“पारा झोपला होता,” ट्रेवाली म्हणाली. “मीही झोपले असते, पण तुमची भीती.”

बत्तीबाईंना समाधान झालं नाही. जावई सापळ्यात सापडला नव्हता, याचा अर्थ तो निर्दोष होता असं नाही. तो हुशार होता. त्याला वास आला असेल.

सोमवारी त्यांनी स्वतः पहारा धरला. तीनला पाच मिनिटं कमी असताना नेहमीप्रमाणे देवाचं नाव घेतलं, दार उघडलं, अंडं काढलं, पापणीला लावलं. ऊब ठीक होती. अंडं जागच्या जागी ठेवून दार लावलं. तीनचा ठोका पडला आणि ट्रे कलायला लागले. अंडी उबताना दर तासाला कूस बदलावी लागते, नाहीतर पिल्लू कवचाला चिकटतं; म्हणून यंत्र सगळे ट्रे एका तासाला उजवीकडे कलतं करतं, पुढच्या तासाला डावीकडे. तीनला ते डावीकडे कलायचे. डावीकडे कलल्यावर बत्तीबाईंचं ठरलेलं अंडं हाताला लागत नसे, म्हणून तर त्या पाच मिनिटं आधी उघडत.

सव्वातीनला पारा शंभर. साडेतीनला एकशे एक. पावणेचारला एकशे दोनच्या वर.

बत्तीबाई काचेला नाक लावून उभ्या राहिल्या. जावई? जावई त्याच वेळी अंगणात, त्यांना खिडकीतून दिसत होता, मालकांशी बोलत, दोन्ही हात खिशाबाहेर. फोन कुठेच नाही. चार वाजता ट्रे पुन्हा उजवीकडे कलले आणि पारा हळूहळू उतरू लागला.

रविवारी काय नव्हतं जे आज होतं? पारा तोच होता, यंत्र तेच होतं, जावई तर दोन्ही दिवशी नजरेसमोरच होता. रविवारी बत्तीबाई नव्हत्या.

हा विचार त्यांनी दोनदा हाकलला. संशय घ्यायचा तर दुसऱ्यावर घ्यायची सवय. स्वतःवर घ्यायचा झाला तर मन नव्या चपलेसारखं चावतं. मंगळवारी अकराला आणि तीनला त्यांनी हात मागे बांधले आणि दार उघडलं नाही. पारा साडेनव्याण्णवच्या आसपासच राहिला.

आता सोपी वाट अशी होती की गप्प बसायचं. दार उघडायचं थांबवायचं, तुकडी चांगली निघेल, खोली राहील, कुणाला काही कळणार नाही. बत्तीबाईंनी ती वाट मंगळवारची सबंध संध्याकाळ चालून पाहिली. प्रार्थनेला बसल्या तरी तीच. शेवटी वाट अडली ती ट्रेवालीच्या एका वाक्यावर. बुधवारी सकाळी ती म्हणाली, “ऐकलंत का, पुढच्या महिन्यात एक आणि दोन नंबरलाही ही डबी लागणार. मालक खूश आहेत रेषेवर.”

तिन्ही यंत्रांत. आणि दार काय एकट्या बत्तीबाईच उघडतात? बत्तीच्या दिवशी तर उघडावंच लागतं.

बुधवारी दुपारी त्या जावयाच्या टेबलापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

“जावईबापू, मी दार उघडते. रोज दोनदा. डावीकडे कलायच्या आधी.” त्यांनी पाऱ्याचे आकडे लिहिलेला कागद ठेवला. “उघडलं की मागाहून तासभर ऊन चढतं. न उघडता नाही चढत. जुन्या यंत्रांत उघडते तरी चढत नाही. माझ्यामुळे मेली ती, पण नुसत्या माझ्यामुळे नाही. आता तुमचं सांगा.”

जावयाने कागद दोनदा वाचला. त्याचे कान लाल झाले. मग त्याने समोरच्या पडद्यावर एक रेष काढली, आणि तिच्यात जागोजागी भोकं होती. उजवीकडचा एक तास रेष, डावीकडचा एक तास रिकामा. पुन्हा रेष, पुन्हा रिकामं.

“हे काय?”

“इथे निरोप आलेच नाहीत, आई. ट्रे डावीकडे कलले की डबी लोखंडी खांबाच्या आड जाते. एखादा निरोप हरवणं वेगळं. हा तासभर एकही येत नाही.”

“आणि मला दाखवलीत ती सरळ रेष?”

“मी मधली भोकं जोडून टाकली होती, भोकांनंतर दिसायचे ते चढही सपाट केले होते,” तो म्हणाला. “मालक भोकं बघून घाबरले असते. आणि मला वाटलं, ते चढ डबीच चुकून दाखवतेय. पारा लावून मी बघितलंच नव्हतं.”

“म्हणजे मी दार लपवलं आणि तुम्ही भोकं लपवलीत.”

“हो.”

मग जावयानेच पुढची कडी जुळवली. बत्तीबाई दार उघडत, आत गार हवा शिरे. डबी निरोप देई, गार झालंय. पेटी हुकूम देई, वाढव. तेवढ्यात ट्रे डावीकडे कलत आणि डबी मुकी होई. पेटीला वाटे, शेवटचा निरोप तोच खरा. आणि ती तासभर वाढव, वाढव म्हणत बसे. धोक्याची घंटाही त्याच निरोपावर चाले, म्हणून तीही वाजत नसे.

“एखादी सून माहेराहून पत्र आलं नाही म्हणून सहा महिने तेच जुनं पत्र वाचून रडत बसते, तसं झालं की हे,” बत्तीबाई म्हणाल्या. “निरोप आला नाही तर शहाणा माणूस अंदाज बांधतो, आणि फारच दिवस झाले तर उठून बघायला जातो.”

“तेच करायला हवं,” जावई म्हणाला, आता खाली न बघता.

डबी त्याने त्याच दिवशी खांबाच्या बाहेर सरकवली, पण तेवढ्यावर तो थांबला नाही. उद्या दुसरा खांब येईल, दुसरी डबी मुकी होईल. कोपऱ्यातल्या छोट्या रिकाम्या यंत्रावर त्याने नवी रीत करून पाहिली, आणि मुद्दाम निरोप गाळत गेला. आकडे पाऱ्यावर बघून मोठ्याने सांगायचं काम बत्तीबाईंचं, कारण यंत्राच्या आकड्यावर दोघांचाही विश्वास उरला नव्हता.

पहिल्यांदा त्याने असं केलं की निरोप नाही तर तापक बंद.

“सत्त्याण्णव,” बत्तीबाई ओरडल्या. “अहो, पत्र आलं नाही म्हणून पोरांना उपाशी ठेवायचं?”

दुसऱ्यांदा त्याने पेटीकडून तापकाला एक हुकूम न पाठवता हुकुमांची मालिकाच पाठवली. पुढचा निरोप आला नाही तर हा, त्याच्या पुढचा आला नाही तर हा, अशी, उबेच्या अंदाजाने आच हळूहळू मध्यावर आणणारी. वीस निरोप लागोपाठ हरवले तर तापक मधल्या आचेवर ठेवायचा आणि घंटा वाजवायची. त्याने दहातले चार निरोप गाळले. पारा नव्याण्णव ते शंभरमध्ये डुलत राहिला. दार उघडून लगेच सगळेच निरोप तोडले. पारा शंभरवर चढला, थबकला आणि उतरला, घंटा वाजली.

“शंभराच्या वर गेला नाही,” बत्तीबाई म्हणाल्या. तरी त्या आणखी दोन तास हलल्या नाहीत.

तिसऱ्या तुकडीची पिल्लं एकविसाव्या दिवशी निघाली, शंभरांत अठ्ठ्याहत्तर. पहिल्या दिवसांतला तडाखा पुरता भरून निघाला नव्हता, पण मालक हसत खोलीत आले आणि त्यांनी जावयाच्या पाठीवर थाप मारली.

“बत्तीबाई, तुमचीही खोली राहिली हो! नवी रीत लागली म्हणजे तुमच्यावरचा बोल गेला.”

जावई बोलला नाही. बत्तीबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. हा आता सांगतो की मग सांगतो, की सांगतच नाही आणि आयुष्यभर हातात ठेवतो, असे तीन संशय एका श्वासात येऊन गेले. तो नुसता उभा होता. मग त्यांना कळलं, तो त्यांचं सांगणं त्यांच्यासाठी ठेवून उभा आहे.

“मालक, मी खोटं बोलले होते,” त्या म्हणाल्या. “दार मीच उघडत होते. बावीस वर्षं. पिल्लं मेली त्यात माझा वाटा आहे.”

मालकांचं हसू विझलं.

“आणि मी दाखवलेली रेष खोटी होती,” जावई लगेच म्हणाला. “त्यात भोकं होती.”

“तुमचं मी नंतर बघतो,” मालक म्हणाले. बराच वेळ ते पिल्लांकडे बघत राहिले. “बत्तीबाई, नियम भिंतीवर तुमच्या डोळ्यांसमोर होता. मी तुम्हाला विचारलंही होतं. चावी द्या. पुढची तुकडी निघेपर्यंत या खोलीत पाय ठेवायचा नाही. त्यानंतर बघू.”

बत्तीबाईंनी कमरेची चावी सोडली. शेजारच्या खोलीत पिल्लं मोजायला सुरुवात झाली होती. ती मोजणी दर वेळी त्यांची असे. त्या धुण्याच्या हौदाकडे गेल्या आणि पदर खोचला.

ट्रेवालीने एक नजर टाकली आणि बाजूला सरकून जागा केली.

“किती दिवस?”

“पुढची तुकडी निघेपर्यंत.”

“म्हणजे एकवीस,” ट्रेवाली म्हणाली. “कोंबडीला तरी कुठे त्याच्या आत उठता येतं? हा घ्या ब्रश. कोपरे नीट घासा, मी मागून बघणार आहे.”